लग्नाच्या शनिवारचा कौल

अलाबामात अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात शनिवारी कोणी लग्न ठेवत नाही. ठेवलंच, तर चर्चमध्ये नवरा, नवरी, दोघांच्या आया आणि ऑर्गन वाजवणारी बाई एवढेच हजर असतात, आणि ऑर्गनवालीच्याही कानात रेडिओची वायर असते. हे हार्लन स्प्रिंग्जमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच मेरिलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या आईनं, ग्लेंडानं, चर्चला फोन लावण्याआधी नवऱ्याला विचारलं.

नवरा म्हणजे व्हर्नन टिडमोर, गावच्या 'बॅनर' या दैनिकाचा क्रीडा संपादक. दर शुक्रवारी त्याचा 'शनिवारचा कौल' छापून येई. त्यात शनिवारच्या मोठ्या कॉलेज सामन्यांत कोण जिंकणार आणि किती गुणांनी, हे तो सांगायचा. गाव तो कौल नाश्त्याच्या वेळी वाचायचं आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्याचा हिशेब चुकता करायचं.

जावई टेट सैन्यात होता. डिसेंबरच्या मध्याला त्याला जर्मनीत रुजू व्हायचं होतं आणि रजा मिळत होती ती महिन्याच्या सुरुवातीलाच. म्हणजे लग्नाला एकच शनिवार उरत होता, डिसेंबरचा पहिला. त्या दिवशी अटलांटात विभागीय स्पर्धेची फायनल असते. बाकी काही नसतं.

"आपलं कूसा स्टेट फायनलला जाईल का, ते सांग," ग्लेंडा म्हणाली. जुलै होता. व्हर्नन मागच्या अंगणात गवत कापत होता.

"स्टेट? फायनलला?" त्यानं यंत्र बंद केलं. अशा प्रश्नाला यंत्र बंद करून उत्तर द्यावं, इतका तो त्याला सोपा वाटला. "अगं, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कोवळा पोरगा आहे. बचावातले दोन भिंतीसारखे गडी पास होऊन गेले. निम्मे सामने जिंकले तरी मी चर्चच्या ब्रदर पर्विसना जेवायला बोलावीन."

"आपली खेचरं याआधी कधी गेलीत फायनलला?" कूसा स्टेट कॉलेजच्या संघाला त्याच्या चिन्हावरून सगळे खेचरंच म्हणत.

"कधीच नाही. मी तिथं शिकत होतो तेव्हा नाही आणि त्यानंतरही नाही."

"मग पत्रिका छापायला देऊ?"

"बिनधास्त दे."

ग्लेंडानं पत्रिका दिल्या. मोसम सुरू झाला आणि खेचरं जिंकायला लागली. पहिल्या विजयाला व्हर्नननं नशीब म्हटलं, दुसऱ्याला पाऊस, तिसऱ्याला पंच. ऑक्टोबरपर्यंत त्याच्याकडची कारणं संपली, पण विजय संपेनात. घरी ग्लेंडा शनिवारी संध्याकाळी टीव्हीकडे पाठ करून मोजे विणायला बसू लागली. इतके मोजे टेटला जर्मनीतच काय, उत्तर ध्रुवावरही पुरले असते.

लग्नाला येणार की नाही, हे कळवणारी पाहुण्यांची कार्डं परत येऊ लागली. कार्डावर दोनच चौकोन होते, 'येणार' आणि 'येऊ शकत नाही'. निम्म्या लोकांनी हातानं तिसरा चौकोन काढला होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'स्टेट हरलं तर नक्की.' ग्लेंडाच्या सख्ख्या भावानं त्याखाली 'प्रेमपूर्वक' असंही लिहिलं होतं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यापर्यंत गोष्ट दोन सामन्यांवर आली. शनिवारी दुपारी पर्ल रिव्हरचा संघ डेल्टाकडून हरायला हवा होता आणि त्यानंतर स्टेटनं मॅग्नोलियाला हरवायला हवं होतं. दोन्ही घडलं, तर लग्नाच्या दिवशी गाव अटलांटात असणार होतं.

बुधवारी सकाळी व्हर्नन ओडेलच्या खानावळीत गेला. तिथं ब्रदर पर्विस मऊ पावासारखी बिस्किटं आणि सॉसेजचा पांढरा रस्सा खात बसले होते. मेरिलीचं लग्न तेच लावणार होते.

"व्हर्नन, बस," ते म्हणाले. "स्पष्ट बोलतो. मी लग्न लावायला येणार म्हणजे येणारच. शब्द दिलाय. पण त्या वेळी मन कुठे असेल, ते परमेश्वराला ठाऊक."

"ब्रदर, चर्चनं अटलांटासाठी बस ठरवलीये, असं ऐकलं."

"नुसती बोलून ठेवलीये." ब्रदर पर्विसनी रश्श्यात बिस्किट फिरवलं. "दोन."

"दोन बसेस?"

"गायनवृंदाची वेगळी."

गल्ल्यामागून ओडेल ओरडला, "कौल काय देतोयस, व्हर्नन? का मुलीच्या लग्नापायी आम्हाला बुडवणार?"

"मी मनात येईल ते लिहीत नाही, ओडेल. जे होईल असं दिसतं, ते लिहितो."

"हो, जुलैमध्ये दिसलंच की तुला!"

सगळी खानावळ हसली. ब्रदर पर्विसही हसले, आणि मग धर्मोपदेशक असल्याचं आठवून थांबले.

व्हर्नन कचेरीत आला आणि संगणकाचा कोरा पडदा उघडून बसला. सात वर्तमानपत्रं बंद पडलेली पाहिलेला हा माणूस मजकुरासाठी कधी अडला नव्हता. आज अडला. आकडे सांगत होते, मॅग्नोलिया जिंकेल. त्यांचा बचाव तगडा होता आणि स्टेटच्या पोराचा खांदा दुखत होता. पण आकडे सांगताहेत की मेरिलीचा बाप सांगतोय? तो सामना त्यानं पुन्हा पुन्हा तपासला. एकदा तर स्वतःला मेरिली नावाची मुलगीच नाही, असं धरूनही तपासला. उत्तर तेच आलं. शेवटी त्यानं लिहिलं, 'मॅग्नोलिया, दहा गुणांनी. पर्ल रिव्हर, एकवीस गुणांनी. डेल्टाचा संघ सध्या शाळेच्या बँडकडूनही हरेल.'

आणि मग, कोणाला सांगण्यासारखं नव्हतं ते त्यानं स्वतःशी कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदाच स्टेट हरावं, असं त्याला वाटत होतं.

शुक्रवारी कचेरीतला फोन थांबेना. "टिडमोर, तीन मजली केकसाठी कॉलेज विकलंस!" एक बाई म्हणाली. तिनं नाव सांगितलं नाही, पण ती त्याची तिसरीची शिक्षिका होती, हे आवाजावरून कळलंच.

शनिवारी तो स्टेटच्या मैदानावर, वरच्या पत्रकार कक्षात जाऊन बसला. तिथल्या टीव्हीवर डेल्टाचा सामना चालू होता. पर्ल रिव्हर आरामात पुढे होतं. मग त्यांच्या पोरांनी चेंडू एकदा पाडला, दुसऱ्यांदा पाडला आणि तिसऱ्यांदा तर डेल्टाच्या एका जाड्या गड्याच्या पोटावर नेऊन दिला. तो गडी, आयुष्यात कधीच चेंडू हाती न आलेला, धापा टाकत पार टोकापर्यंत पळाला. डेल्टा एका गुणानं जिंकलं.

लगेच फोन वाजला.

"डेल्टा म्हणजे तेच ना," ग्लेंडाचा आवाज फार शांत होता, "जे शाळेच्या बँडकडून हरणार होते?"

"ग्लेंडा, मॅग्नोलिया अजून बाकी आहे."

"देवा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पत्रकार कक्षात कोणाच्या बाजूनं ओरडायचं नाही, हा जगभरचा नियम. लिहिणाऱ्यानं दगडासारखं बसायचं. व्हर्ननला तो नियम आज वरदान वाटला. मॅग्नोलियानं चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन पहिला टचडाउन केला, तेव्हा त्यानं मनातल्या मनात चर्चच्या बाकांवर एक ओळ माणसं बसवली. दुसरा झाला, तेव्हा दुसरी ओळ भरली. स्टेटनं एक फेडला आणि मागची ओळ उठून गेली. शेवटच्या मिनिटाला मॅग्नोलिया चार गुणांनी पुढे होतं. व्हर्ननच्या मनातलं चर्च बऱ्यापैकी भरलेलं होतं.

आणि त्या दुखऱ्या खांद्याच्या पोरानं चेंडू मागे नेला, आभाळात भिरकावला.

चेंडू खाली यायला फार वेळ लागला. पांढऱ्या रेषेपलीकडे चार जण उडाले, त्यात तिघे मॅग्नोलियाचे. खाली आला तेव्हा चेंडू चौथ्याच्या हातात होता.

कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं. ते आपणच आहोत, हे व्हर्ननला उशिरा कळलं. तो खुर्चीवर उभा होता. त्याची कॉफी मोबीलहून आलेल्या जाड चष्म्याच्या बातमीदाराच्या मांडीवर होती.

"टिडमोर," तो बातमीदार मांडी झटकत म्हणाला, "हे शोभतं का?"

"माझ्या मुलीचं लग्न आहे," व्हर्नन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"अरे, मग अभिनंदन!"

"अभिनंदन कसलं, लग्न मोडलं!"

बातमीदारानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मांडी झटकायला लागला.

खिशात फोन थरथरत होता. मेरिली.

"डॅडीऽऽ! जिंकलो! बघितलंत का? त्यानं एका हातानं घेतला!"

"एका हातानं! आणि मॅग्नोलियाचा तो लांबट पोरगा अंगावर असताना!"

"मी टेटच्या पाठीवर चढले होते!"

दोघंही हसत होती. मग हसणं थांबलं.

"डॅडी," मेरिली हळूच म्हणाली, "मॉमानं स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलंय."

तो बातमी पाठवून घरी पोचला, तेव्हा दार उघडलेलं होतं. ग्लेंडा टेबलाशी बसली होती, उरलेल्या टर्कीचं सँडविच समोर तसंच पडलं होतं. मेरिली आणि सणाच्या दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेला टेट फ्रिजला टेकून उभे होते. टेटच्या अंगात अजून स्टेटचा सदरा होता, तो त्यानं हातांनी झाकायचा प्रयत्न केला.

व्हर्नननं वाटेत ठरवून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं. "फायनलची बातमी दुसरा कोणी करेल. संपादकाला मी सांगून आलोय. त्या दिवशी मेरिलीचा हात धरून चर्चमध्ये मी चालणार. रेडिओसुद्धा लावणार नाही."

ज्या सामन्याची त्यानं तरुणपणापासून वाट पाहिली होती, तो त्यानं एका दमात देऊन टाकला होता.

"आणि कोणासमोरून चालणार, डॅडी?" मेरिली म्हणाली. "रिकाम्या बाकांसमोरून? माझी करवलीसुद्धा बँडमध्ये तुतारी वाजवते. ती अटलांटाला चाललीये."

"मी येईन," टेट म्हणाला.

"तू येशीलच रे! तुझंच लग्न आहे!"

मेरिली नखं खात होती. मग एकाएकी तिनं हात खाली घेतला.

"मॉमा, सगळे तिथंच असणार ना?"

"कुठं?"

"अटलांटात. मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये. सकाळपासून चुली पेटवून, गाड्यांच्या मागे टेबलं टाकून बसणार. आपले सगळे पाहुणे. नाना, मामा, ब्रदर पर्विस, गायनवृंद. सगळे, आयते."

"मेरिली जून टिडमोर," ग्लेंडा म्हणाली, आणि पूर्ण नाव ऐकून व्हर्ननही एक पाऊल मागे सरला. "भाजत्या डुकराच्या धुरात? पांढरा झगा घालून?"

"धूर वाऱ्याच्या दिशेनं जातो, मॅम," टेट म्हणाला. "उलट बाजूला उभं राहू."

ग्लेंडानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला जर्मनी लवकर यावंसं वाटलं असावं. पण मेरिलीनं तोवर ब्रदर पर्विसना फोन लावला होता. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून "आमेन!" ऐकू आलं आणि मागे बायकोला हाक मारल्याचंही.

ग्लेंडा उठली. तिनं सँडविच झाकून ठेवलं, ओट्यावरून फडकं फिरवलं, जिथं आधीच स्वच्छ होतं तिथंही फिरवलं. मेरिली आणि टेट बघत होते.

"फुलं तिथंच मागवावी लागतील," ती अखेर म्हणाली. मेरिलीनं तिला मिठी मारली. "सोड, झगा मापाला घट्ट आहे, इतकं खाऊ नकोस म्हणून सांगत होते." मग ती नवऱ्याकडे वळली. "सामना दुपारी. लग्न सकाळी. केक आणि जेवण सामन्याआधी ठेवायचं की नंतर?"

"म्हणजे?"

"हरले तर सामन्यानंतर कोणी केककडे ढुंकून बघणार नाही. जिंकले तर खरी मेजवानी नंतरच. मला नीट सांग, व्हर्नन. कोण जिंकणार?"

व्हर्नन खुर्चीत बसला. फायनलमध्ये समोर येणारा चटूगा विद्यापीठाचा संघ मोसमभर अपराजित होता. त्यांची आघाडीची रांग स्टेटपेक्षा हातभर उंच होती. खांदा दुखणारं पोर पुढच्या शनिवारी हात वर तरी करू शकेल का, कोणाला ठाऊक. त्यानं मनापासून विचार केला, बाप म्हणून नाही, कूसा स्टेटचा म्हणूनही नाही.

"चटूगा," तो म्हणाला. "चौदा गुणांनी. जेवण आधी ठेव."

"नक्की?"

"नक्की."

ग्लेंडानं मान डोलावली, भिंतीवरचा फोन उचलला आणि केकवाल्या बाईचा नंबर फिरवला.

"हो, मीच. जागा बदललीये, सांगते. आधी वेळ लिहून घे," ती म्हणाली. "सामन्यानंतर."