अंजनीचे नंबर

"दादा, एसी वाढवू का?" भूपेशने दार लावून घेत विचारलं.

"नको. तुम्ही चालू करा."

अंबरनाथ पूर्वेला दाताच्या दवाखान्यावर ती खोली होती. भिंतींना काळा फोम ठोकलेला, दोन कॉम्प्युटर, टेबलावर एक माइक. भूपेशचा सिनेमा या खोलीत जोडून तयार झाला होता आणि तीन आठवड्यांनी तो थेटरांत लागणार होता. कमळाकर बदलापूरहून, मांजर्लीतून, स्कूटर काढून आला होता तो एकाच कामासाठी. सिनेमातल्या मुलीचं नाव बदलून घ्यायचं. ते नाव त्याच्या बायकोचं होतं, आणि तिला जाऊन सात महिने झाले होते.

सिनेमाची जाहिरात आधी मोबाईलवर आली. थोरली वहिनी वेणूबाई अंगणातूनच ओरडत आली होती, "कमळाकर, तुझे बायकोवर पिक्चर आला रं. आमाला सांगलास नाय?" त्याने फोन हातात घेऊन पाहिलं. उल्हासनगरचा जीन्सचा कारखाना, जांभूळ गावची मुलगी, नाव अंजनी, कापडाच्या तुकड्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवते आहे आणि समोरून एक मुलगा तिच्याकडे बघतो आहे. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, शलाकाचा फोन. "बाबा, ही आपली आई आहे का?" तो म्हणाला, "नाही गं, नावं काय, सारखी असतात." मुलीशी तो पहिल्यांदाच एवढं सरळ खोटं बोलला.

जाहिरातीखाली भूपेशचं नाव होतं, ‘माझ्या पहिल्या प्रेमाची खरी गोष्ट’. त्याचा नंबर मिळवून कमळाकरने फोन लावला. भूपेश म्हणाला, "दादा, आधी येऊन बघा. तुम्ही सांगाल ते काढतो. शब्द देतो."

म्हणून तो आता इथे बसला होता. गेलेल्या बाईच्या नावाची चर्चा गावभर नको, हे तर होतंच. पण आत दुसरी एक भीती होती, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. लग्नानंतरही अंजनी आणि हा भूपेश भेटत होते असं या पडद्यावर दिसलं तर? तीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, तिला आता विचारायचं कुठे?

सिनेमा सुरू झाला. आधी नुसता आवाज, भूपेशचाच. "माझं नाव समीर. ही माझ्या पहिल्या प्रेमाची गोष्ट आहे."

"समीर कोण?" कमळाकरने विचारलं.

"मीच. पिक्चरमध्ये नाव बदललंय, दादा. घरी बायको आहे, सासरे आहेत. समजून घ्या."

"तिचं नाही बदललं."

"तिला दुसरं कुठलं नाव लागतच नव्हतं," भूपेश म्हणाला आणि लगेच पडद्याकडे बघायला लागला.

कमळाकरही पडद्याकडे वळला. पडद्यावरची मुलगी गोरी होती, नाजूक. अंजनी सावळी, मनगटाने जाड. तेवढ्यानेच त्याला जरा बरं वाटलं. पण मुलीने ओढणी कमरेला खोचली, तोंडात चिठ्ठ्यांची पट्टी धरली, आणि तो खुर्चीत पुढे सरकला. अंजनी ओल्या कपड्यांचे चिमटे असेच तोंडात धरायची.

कापडाच्या गठ्ठ्यांमागे मुलाने मुलीचा हात धरला. धरूनच ठेवला. मग तो अजून जवळ गेला.

"हे झालं होतं?"

"हात धरला होता, एकदाच. तिने सोडवून घेतला."

"मग पुढचं?"

"पुढचं पिक्चरसाठी."

"काढा."

"काढतो." भूपेशने वहीत लिहून घेतलं.

"लग्नानंतर भेटलात?"

"नाही, दादा. आईशप्पथ. एकदा बदलापूर स्टेशनबाहेर लांबून दिसली. कडेवर पोरगी होती. मी समोरच्या चपलांच्या दुकानात शिरलो आणि ती जाईपर्यंत चपला बघत बसलो. पिक्चरमध्ये पण भेट नाही दाखवलेली."

कमळाकरने श्वास सोडला. सात महिन्यांत इतका मोकळा श्वास त्याला आला नव्हता. आता नाव तेवढं बदललं की काम झालं, असं मनाशी म्हणून तो मागे टेकून बसला.

तेवढ्यात पडद्यावर अंजनीचं काम सुटलं ती दुपार आली.

त्या कामाची गोष्ट कमळाकरला पाठ होती. अंजनीनेच सांगितली होती, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. कटिंगच्या टेबलावर कापडाचे शंभर-सव्वाशे थर एकावर एक पसरून एकदम कापतात. प्रत्येक थराचा निळा रंग किंचित वेगळा असतो. तेव्हा डोळ्याला दिसत नाही, पॅन्ट शिवून धुलाईतून आली की दिसतो. म्हणून एका थरातून निघालेल्या सगळ्या तुकड्यांना एकच नंबर द्यायचा. पायाच्या पुढच्या तुकड्याला सात तर मागच्या तुकड्यालाही सातच. हे नंबर लावायचं काम अंजनीचं. एक दिवस तिचा नंबर चुकला आणि अख्खा लॉट बिघडला. धुऊन आलेल्या पॅन्टी पुढून एका रंगाच्या, मागून दुसऱ्या. शेठने सगळ्या कारखान्यासमोर तिला बाहेर काढलं. बापाने तिला घरी बसवलं आणि महिन्याभरात कमळाकरशी लग्न लावून दिलं. "माझंच चुकलं," ती दर वेळी म्हणायची. "मोजता मोजता कुठे लक्ष गेलं कोण जाणे."

कमळाकरने त्याची थट्टा करून ठेवली होती. आमटीत मीठ दोनदा पडलं, की "आज पण नंबर चुकला वाटतं." पाहुण्यांसमोर "आमची नंबरवाली." सगळे हसायचे. ती पण हसायची आणि आत जाऊन भाकऱ्या परत मोजायची. लग्नकार्यात ताटं मोजायचं काम आलं की मागे सरायची. "मला नको सांगू बाय, मी चुकते." शेवटच्या आजारपणात गोळी हातात घेऊन विचारायची, "ही सकाळचीच ना? नक्की?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा एकदा तो खेकसला होता. "किती वेळा विचारशील? जन्मभर तुझा हिशोब मीच करू का?"

पडद्यावर मुलगी मागच्या तुकड्यांच्या गठ्ठ्याला नंबर लावायला बसणार होती. मुलगा दबक्या पावलांनी आला. गठ्ठ्यातला वरचा एक तुकडा त्याने हळूच उचलला आणि शर्टात लपवला. मागे गमतीचं संगीत वाजत होतं. मुलीला पत्ता नाही. ती भराभर नंबर लावत गेली, एक, दोन, तीन. गठ्ठा संपला तेव्हा एक तुकडा कमी भरला. ती गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली, मुलगा खांबाआड हसत होता. मग जेवणाची घंटा झाली. परत येऊन मोजू म्हणून मुलगी बायकांबरोबर डबा खायला गेली आणि तेवढ्यात शिलाईवाला येऊन गठ्ठे उचलून घेऊन गेला.

"थांबवा," कमळाकर म्हणाला.

"दादा, हा कॉमेडी सीन आहे. यानंतर गाणं."

"मागे घ्या."

भूपेशने मागे घेतलं. कमळाकरने तो प्रसंग तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा संगीत बंद करायला लावलं.

"हे पिक्चरसाठी, का झालं होतं?"

भूपेशने चष्मा काढला. "झालं होतं. मस्ती होती, दादा. तिला वाटेल एक कमी आहे, ती परत मोजायला बसेल, सुट्टी झाल्यावर थांबेल, मी मदत करीन. एवढंच डोक्यात होतं. गठ्ठे असे उचलून नेतील हे मला काय माहीत?"

"वरचा एक काढला की खालचे सगळे नंबर एकाने सरकले."

"हो."

"म्हणजे तिने बरोबर लावले होते."

"हो."

"शेठ तिला बोलत होता तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच." भूपेश खाली बघत म्हणाला. "ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल मी तिच्या बाजूने बोलेन. कटिंग मास्टर माझा मामा होता. माझ्यामुळे त्याची पण नोकरी गेली असती. पुढे दाखवलंय ते, मुलगा एकटाच गच्चीवर जाऊन रडतो."

"रडतो," कमळाकर म्हणाला. "आणि तिला सांगतो का?"

"तिचं लग्न ठरलं. मग काय सांगणार?"

"जांभूळ काय लांब होतं? रिक्षा जात होती तिथे." कमळाकर उठून उभा राहिला. खोली एवढी लहान होती की भूपेशला खुर्ची मागे घ्यावी लागली. "तीस वर्षं तिला वाटत होतं आपल्याला मोजता येत नाही. तीस वर्षं. आणि तू त्याचं गाणं केलंस?"

भूपेशला त्याने पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं. भूपेशने हात जोडले. "दादा, सीन काढून टाकतो. नाव पण बदलतो. पूर्ण नाव बदलतो, आजच."

"नाही."

"म्हणजे?"

"नाव तेच राहील. सीन पण राहील. तिथे तुझं खरं नाव घाल."

"असं नाही होत, दादा. पोस्टर छापलेत. माझी पोरं कॉलेजात आहेत. लोक माझ्या तोंडावर..."

"तिच्या तोंडावर लोक बोलले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती." कमळाकरचा आवाज चढला नव्हता, पण त्याचा हात टेबलाच्या कडेवर दाबलेला होता. "मला शब्द दिला होतास, सांगाल ते करतो. हे सांगतोय. सुरुवातीचा तो आवाज तुझाच आहे ना? इथेच बोललास ना या माइकवर? मग इथेच बोल."

खाली दवाखान्यात दात कोरायचं यंत्र चालू झालं आणि थांबलं. मग भूपेशने माइक पुढे ओढला, बटण दाबलं. "आठवणींच्या त्या निळ्या दुनियेत..."

"असं नाही. सरळ बोल."

भूपेशने पुन्हा बटण दाबलं. "माझं खरं नाव भूपेश. तो तुकडा मी काढला होता. मी कोणाला सांगितलं नाही. अंजनीचे नंबर बरोबर होते."

त्याने ते वाजवून दाखवलं. गमतीचं संगीत काढलं होतं, त्या जागी ही चार वाक्यं बसत होती. कमळाकरने मान हलवली.

"आता तरी माफ करा, दादा."

"मी कोण माफ करणारा?" कमळाकर खुर्चीत बसला. "तू एकदा गप्प राहिलास. मी तीस वर्षं तिला तेच म्हणत होतो. हसत हसत." भूपेशने पाण्याची बाटली त्याच्यासमोर सरकवली.

काम झालं होतं. स्कूटर खाली उन्हात उभी होती, शलाकाला फोन करून खरं सांगायचं होतं. तरी कमळाकर उठेना. अंजनी त्याच्या घरी येण्याआधी कशी होती, हे सांगणारा आता हा एकच माणूस उरला होता, आणि त्यालाच विचारावं लागणार होतं.

"काम करताना कशी होती ती?" त्याने विचारलं.

भूपेशने त्याच्याकडे पाहिलं, तो खरंच विचारतोय याची खात्री करून घेतली.

"एकदम फास्ट, दादा. खाली बघायची पण नाही. बाजूच्या बाईशी बोलतेय, हसतेय आणि हात चालू. आम्ही मुद्दाम मध्येच विचारायचो, कितीवर आहेस? न थांबता सांगायची. मास्टर म्हणायचा, हिचं तपासायची गरज नाही."

"दोनदा मोजायची नाही?"

"दोनदा? छे. कधीच नाही."

"अजून सांग," कमळाकर म्हणाला.