या घरचं नेसणं

सोपानरावांना बायको सापडत नव्हती. बायको समोर बसून त्यांना खिमट भरवत होती, पण ते घास तोंडात धरून दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाई, आमची मंडळी कुठं गेली वो? लई दिस झालं."

शालनबाई पहिल्यांदा हसली होती. मग रुसली, मग चिडून तिने लग्नाचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. उपयोग शून्य. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, माणूस मागे मागे जात राहतो. उभा जन्म संसार केलेल्या नवऱ्याने "तुमी कुठल्या गावच्या?" असं अदबीने विचारावं, याहून वाईट शिवी तिने ऐकली नव्हती.

खापर तिने गाऊनवर फोडलं. नवऱ्याला अंघोळ घालताना लुगडं भिजायचं, पायात अडकायचं, म्हणून सुनेने, तेजस्विनीने, फुलाफुलांचे गाऊन आणून दिले होते. सून जीव लावणारी, त्यात वाद नाही. पण उशीच्या अभ्र्याला भोक पाडलं की झाला गाऊन. रावेतला त्यांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये निम्म्या बायका त्याच सोंगात. त्यातली आपली कुठली, हे शहाण्या माणसाला तरी कळेल का?

"आज लुगडं नेसते," ती सकाळी सुनेला म्हणाली. "ह्या झग्यात त्यांनी मला कधी बघितलंच न्हाई, तर वळखतील कसं?"

तेजस्विनीने कपाटातून हिरवं इरकल काढून दिलं. शालनबाईचे गुडघे साथ देईनात, म्हणून निऱ्या धरायला सूनच खाली बसली. नेसणारीचे हात मात्र कुठे अडले नाहीत. शालनबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासूने, सोजरबाईने, पहिल्याच दिवशी तिचं माहेरचं नेसणं सोडायला लावलं होतं. इथे कासोटा घोट्यापर्यंत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन कमरेला खोचलेला. "ह्या घरची बाई लांबनं वळखू आली पायजे," म्हणत सासूने ते तिच्याकडून घोटून घेतलं. तेव्हा तिला त्याचा भारी राग यायचा. आज सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

डोक्यावर पदर घेऊन ती गॅलरीत गेली. खुर्चीतल्या सोपानरावांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की दारातल्या तेजस्विनीने तोंडावर हात ठेवला. इतक्या मायेने शालनबाईकडे कितीतरी दिवसांत कुणी बघितलं नव्हतं. तिला भरून आलं.

"वळखलं न्हवं?" तिने विचारलं.

"व्हय की." त्यांनी तिचा पदर मुठीत धरला. "आये, कुठं गेलतीस गं?"

तिला आधी काही उमगेचना. मग उमगलं. कासोटा सासूचा, पदर सासूचा, पिकलेले केससुद्धा आता सासूसारखे. त्यांनी बरोब्बर ओळखलं होतं. जन्मभर आपण दुसरीचंच रूप नेसलो, आपलं म्हणावं असं अंगावर काही ठेवलंच नाही, या विचाराने तिचं काळीज फाटलं.

सोपानराव गाऱ्हाणं सांगत होते. "हितं एक बाई हाय, लई चांगली. पर तुझी सून माहेरासनं आली न्हाई अजून. तू रागं भरलीस व्हय तिला?"

"न्हाई रं बाळा."

"मग जाऊ का आणाय?"

तेजस्विनी रडत आत निघून गेली. शालनबाईने डोळे पुसले नाहीत. पुसले असते, तर आये का रडती म्हणून ते घाबरले असते. ती वाकली आणि त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"जा," ती म्हणाली. "आन तिला म्हनावं, सासूनं सांगितलंय, येताना तुज्या माहेरचंच नेसून ये."

"बरं," सोपानराव म्हणाले, आणि खुर्चीखाली चपला शोधू लागले.