नाथाजीचा खालचा ओठ

नाथाजी बिगूल फुंकायचा तेव्हा लोणंदच्या बाजारातली कांद्याची पोती सावधानमध्ये उभी राहायची. स्टेशनात गाडी असली तर गार्डानं शिट्टी मारायच्या आधीच निघून जायची. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता मलाही खरं वाटतं. पण एका पलटणीतनं पेन्शनीत आलेल्या आम्हा तिघांत फुंकणारा तो एकटाच, यात थाप नाही. अर्जुना बंदूक चालवायचा. मी लंगरात भात करपवायचो.

गावी आल्यावर नाथाजीचे खालचे दात एकामागं एक गेले. कवळी बसवली, पण बिगूल तोंडाला लावला की ती होडीसारखी डुलायची. एका पंधरा ऑगस्टला तर सुटून बिगुलात शिरली आणि पलीकडच्या तोंडातनं हसत बाहेर आली. माणसं इतकी हसली की झेंडा वर जायचा राहिला. त्यानंतर शाळेच्या मैदानावर मोबाईल स्पीकरला लावायची पद्धत पडली. नाथाजीनं बिगूल खुंटीला टांगला आणि त्याच्याकडं पाठ करून जेवायला बसू लागला.

अर्जुनाचं लिव्हर गेलं तेव्हा बिगूल खाली काढावा लागला. बर्फातल्या एका चौकीवर ठरलं होतं की अर्जुना आधी गेला तर सरणापाशी नाथाजीनं वाजवायचं. अर्जुना ते विसरला नव्हता. खाटेवरनं म्हणाला, "मोबाईल लावलास तर तिरडीवरनं उठून घरला जाईन, सांगून ठिवतो."

अर्जुनाची लेक पल्लवी सांगलीला मेडिकलच्या दुकानात होती. तिनं बातमी आणली. तिथंच विश्रामबागेत दातांच्या डॉक्टरांचं शिक्षण चालतं. जबड्याच्या हाडात बारके स्क्रू बसवायचे, चार महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरतं, मग वर दात बसतात, ते हलत नाहीत. डॉक्टर शिकायला येतात, त्यांना माणसं लागतात, माणसांना फुकट होतं. नाथाजीनं एकच विचारलं, फुंकताना हलणार नाहीत ना. हलणार नाहीत, असं पल्लवीनं विचारून आणलं होतं.

लोणंदला गाडीत बसलो. कराड येईपर्यंत नाथाजी बोटानं हिरड्या चाचपत होता.

स्क्रू बसवायच्या आदल्या दिवशी तपासणीला बोलावलं होतं. मधे काचेची भिंत, पलीकडं लांब टेबल, टेबलावर हिरवं फडकं आणि फडक्यावर ओळीनं बकऱ्यांचे जबडे. मटणाच्या दुकानातनं सकाळीच आणलेले, ताजे. प्रत्येक डॉक्टरपुढं एकेक. शिकवणारे राजवर्धन सर म्हणून होते, उंच, हसरे, हातात घड्याळ दोन माणसांचे जबडे नव्यानं बसवायच्या किमतीचं. माणसाच्या तोंडात हात घालण्याआधी सगळ्यांनी यांच्यावर ड्रिल चालवायचं, असा त्यांचा नेम.

टोकाला एक डॉक्टर हात मागं बांधून उभा होता. भरतेश मगदूम, सांगलीजवळच्या गावातला जैन शेतकऱ्याचा मुलगा. तो सरांना हळूच म्हणाला, "सर, मला प्लॅस्टिकचा जबडा मिळेल का? आमच्यात हे चालत नाही."

सर म्हणाले की प्लॅस्टिक सगळीकडं सारखंच लागतं, हाड तसं नसतं. भरतेश मान खाली घालून उभाच राहिला. मग सरांनीही ताणलं नाही, कुणाच्या धर्मात कशाला पडा. त्याला गुलाबी प्लॅस्टिकचा जबडा मिळाला आणि त्यानं त्यात असे सुंदर स्क्रू बसवले की सरांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला.

नाथाजी काचेला नाक लावून बघत होता. मला कोपर मारून म्हणाला, "बगितलंस का रं? मेलेल्या शेरडाला सुदीक टोचवत न्हाई त्याला. त्यो मला काय दुखवील? मला ह्योच डाक्टर पायजे."

मलाही पटलं. कुणालाही पटलं असतं. नाथाजीनं जाऊन सरांकडं मागणी केली. आपल्याला निवडलं म्हणून भरतेशनं येऊन त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी एका खोलीत तीन खुर्च्या होत्या, तिन्हींवर माणसं आणि लक्ष ठेवायला सर एकटे. मला दाराशी उभं राहू दिलं. नाथाजीला सांगितलं होतं की काही वाटलं तर डावा हात वर करा. भरतेशनं ड्रिल टेकवलं आणि प्लॅस्टिकवर दिला होता तसाच जोर दिला. म्हाताऱ्याचं हाड वरनं पापुद्र्याएवढं कडक आणि आत भेंडासारखं भुसभुशीत. पापुद्रा फुटला की हात आवरायचा असतो, पण तो फुटलेला कसा कळतो हे त्याच्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. सर त्या वेळी तिसऱ्या खुर्चीकडं वळलेले. ड्रिल भसकन खाली गेलं.

नाथाजीच्या चपलेतला अंगठा ताठ झाला. हात वर आला नाही. नंतर मी त्याला त्यावरनं शिव्या घातल्या, तर म्हणाला, "हनुवटीपातूर वीज गेली गड्या. पर ऑपरेशनात हालायचं नसतंय."

त्या जागेला लागूनच खालच्या ओठाची शीर बाहेर पडते, ती दुखावली. सुईचा अंमल उतरला, घर आलं, रात्र गेली, तरी ओठाला जाग आली नाही. फोन केला तर सर म्हणाले, थोड्या दिवसांत येईल. भरतेशनं ते खरं मानलं, कारण त्याला ते खरं व्हायला हवं होतं.

मग तो महिन्या-महिन्याला गावात येऊ लागला. नाथाजीला ओट्यावर बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा, टाचणीनं ओठ टोचत जायचा आणि जिथं कळत नाही तिथं पेनानं रेघ ओढायचा. निळी रेघ दर वेळी तिथंच. चहा दिला तर प्यायचा नाही. नाथाजी प्यायचा, तर चहा हनुवटीवरनं सदऱ्यावर यायचा आणि त्याला पत्ता नसायचा. एकदा भरतेश मला म्हणाला, "आजोबा, मी तो जबडा घेतला असता, तर हे झालं नसतं." मी त्याच्यापुढचा निवलेला चहा उचलून स्वतःच पिऊन टाकला.

तिकडं अर्जुनानं यमाला दारात बसवून ठेवलं होतं. म्हणायचा, आलास तर बस, चहा घे, पण हाडानं स्क्रू धरू दे. यमही आमच्याकडचाच असावा, बसला. दात लागले. पांढरे, पक्के, बैलासारखे. नाथाजी ते दाखवायला खाटेपाशी गेला आणि ओठाचं काही बोलला नाही. अर्जुना त्या दातांकडं बघत राहिला. मग यमाला म्हणाला असणार, चल.

सरणापाशी भरतेशही आला होता, मागं, बाभळीला टेकून. नाथाजीनं गणवेशाचा जुना कोट घातला होता. बिगूल ओठाला लावला, पण कुठं लागलाय ते त्याला कळेना. फुंकला तर नुसती हवा. पुन्हा फुंकला, थुंकी गळली. कुणीतरी खिशातनं मोबाईल काढला. पल्लवीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो परत खिशात गेला.

मग नाथाजीनं ओठ धरून ठेवायला तो नव्या दातांत दाबला. घट्ट दाबला. रक्त हनुवटीवरनं कोटाच्या बटणांवर आलं, त्याला कळलं नाही. बिगुलातनं एकच सूर निघाला, लांब, चिरका, फाटका. शेरडू कापायला नेताना ओरडतं तसा. मागं एक माणूस हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

नाथाजीनं बिगूल खाली घेतला. मला विचारलं, "अर्जुनाला कळलं आसंल?"

"कळलं," मी म्हणालो. "घरला न्हाई गेला न्हवं उठून?"

पल्लवीनं आपल्या ओढणीनं त्याची हनुवटी पुसली, तेव्हा कुठं त्यानं रक्त बघितलं.

मी बाभळीकडं वळलो तर भरतेश तिथं नव्हता. संध्याकाळी लोणंदला साखर आणायला गेलो, तेव्हा तो दिसला. मटणाच्या दुकानापुढं रांगेत, रुमाल नाकाला लावून. त्याची पाळी आली. खाटकानं काय पाहिजे विचारलं. भरतेशनं आपल्याच जबड्यावर बोट ठेवून दाखवलं.