आजोबांना लागलेली धाप

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना सबूरबाई म्हणतात. कुठलाही आकडा दाखवा, बाईंचा पहिला शब्द ठरलेला: "सबूर."

आमचं सॉफ्टवेअर एका हॉस्पिटलला रक्ततपासणीचे रिपोर्ट दाखवतं. सकाळी सगळे वॉर्ड एकदम रिपोर्ट मागतात आणि सर्व्हर गुदमरतो. माझी ताई तिथेच नर्स आहे. "तुमचं ते फिरणारं चक्र बघून मलाच गरगरायला लागतं," ती जेवताना ऐकवते. "समोर पेशंट, मागे डॉक्टर आणि मधे मी, मख्खासारखी."

म्हणून नव्या प्रोसेसरचा एक सर्व्हर चाचणीपुरता आणला होता. फरक दिसला तर ठेवायचा, नाहीतर संध्याकाळी परत. आणि फरक दिसत नव्हता. जुना सर्व्हर सेकंदाला जितक्या मागण्या पुऱ्या करायचा, जवळपास तितक्याच नवाही करत होता. चाचणी पुन्हा घेतली, तरी तेच. साहेब वाकून बघून म्हणाले, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लिहून टाक, परत पाठवतोय."

मी लिहायला घेतलं. ताईला काय सांगायचं ते मात्र सुचेना.

"सबूर." बाई खुर्ची ओढून बसल्या. "दोन घोडे एकदम पोचले, तर वाट अरुंद आहे का बघावं. नवा किती कामात होता?"

ते मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं, तर त्याच्या प्रोसेसरचे बहुतेक कोअर, म्हणजे काम करणारे भाग, रिकामे.

"हा तर माशा मारतोय, बाई."

"मारणारच. त्याला कोणी पुरेसं विचारतच नाहीये. मागण्या कोण पाठवतंय?"

"आजोबा."

आजोबा म्हणजे कोपऱ्यातला सर्वांत जुना कॉम्प्युटर. दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नाही, म्हणून सगळ्या वॉर्डांचं सोंग घेऊन मागण्या पाठवायचं काम आम्ही वर्षानुवर्षं त्याच्यावर टाकलेलं. जुन्या सर्व्हरला तेवढं पुरत होतं. आता आजोबांचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि पंखा घरघरत होता. मी नव्या सर्व्हरचा नव्हे, आजोबांचा वेग मोजत होते.

"मागण्या पाठवायला तुझा कॉम्प्युटर लाव, माझा लाव, साहेबांचाही घे."

"साहेब काम करतायत."

"मग चहा पाज त्यांना."

जुन्या सर्व्हरलाही बाईंनी तितकाच भार द्यायला लावला. "घोडे वेगळे, वाट सारखी." आणि मी सरासरी काढायला गेले, तर हात आडवा. "सरासरीला चक्र दिसत नाही गं. ज्या नर्सला सर्वांत उशिरा उत्तर मिळतं, तिला दिसतं. तिचा आकडा आधी."

जुना लगेच धापा टाकू लागला. नव्याने दुपटीहून जास्त मागण्या पेलल्या, आणि त्यातलं सर्वांत रेंगाळलेलं उत्तरही पापणी लवायच्या आत आलं. मी रिपोर्टात 'प्रचंड वेगवान' लिहिलं. बाईंनी 'प्रचंड' खोडलं. "कुणापेक्षा, किती भार असताना, ते लिही. मग विशेषणाची गरज पडत नाही."

तेवढ्यात ढकलगाडी घेऊन विक्रेत्याचा माणूस आला आणि त्याने थेट केबललाच हात घातला.

"सबूर," कोणीतरी म्हणालं. बाई नव्हत्या. हातात चहाचा कप घेऊन साहेब माझ्या पडद्यावरचे आकडे वाचत होते. "हा इथेच राहतोय."

ढकलगाडी रिकामी गेली. मी ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे परीक्षा नव्याची," ताई म्हणाली, "आणि पेपर सोडवत होते आजोबा?"