रहेमतुल्लाचाचांचा ळ

मी पिंपळगाव राजातल्या कार्डांच्या दुकानातला कॉम्प्युटर बोलतोय. टेबलाखाली पायपुसण्याशेजारी ठेवलेला काळा डबा, तो मी. लोक वरच्या पडद्याकडे बघतात आणि त्यालाच कॉम्प्युटर समजतात. मी आता त्याचं वाईट वाटून घेत नाही.

माझा जन्म नेमका कुठला, हे मला सांगता येणार नाही. माझे भाग वेगवेगळ्या देशांतून आले, खामगावच्या एका दुकानदाराने ते जोडले आणि रहेमतुल्लाचाचा मला मांडीवर घेऊन एसटीने घरी आले. त्याआधी चाचा खामगावला कोर्टाबाहेर मराठी टाइपरायटर घेऊन बसत. अर्ज, नोटिसा, दस्त. हळूहळू सगळीकडे कॉम्प्युटर आले तसं टाइपरायटर माळ्यावर गेलं आणि चाचांनी गावात लग्नाच्या पत्रिका, बारशाची नि तेरवीची कार्डं करायचं दुकान टाकलं.

माझ्यात मराठी लिहायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. त्याच्या कळा टाइपरायटरसारख्याच होत्या, म्हणून चाचांची बोटं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे घरच्यासारखी वावरली. ते कळांकडे बघतच नसत. समोरच्याशी बोलता बोलता निमंत्रकांची लांबच लांब नावं लिहीत. नावात चूक होत नाही, ही दुकानाची ख्याती होती.

मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि माझ्या साऱ्या फाइलींना कुलूप लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात द्या, नवा घ्या."

चाचांची मुलगी नाजिश तेव्हा खामगावला कॉम्प्युटर शिकून नुकतीच परतली होती. तिने सगळं पुसून माझ्यात लिनक्स नावाची नवी प्रणाली बसवली.

"अब्बू, हे फुकट हाय. आन् चोरीचं बी नाही."

माझ्यातलं आधीचं सगळं चोरीचं होतं, त्यामुळे मला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण नाजिशचे हाल सुरू झाले. प्रिंटर मला ओळखच देईना. तिने इंटरनेटवर शोधून शोधून त्याची नि माझी गाठ घालून दिली, तर तो कागदामागून कागद कोरे सोडायला लागला. खामगावचा छापखाना आपल्याच सॉफ्टवेअरची फाइल मागे. ती पीडीएफ पाठवी आणि फोनवर भांडे. एका जुन्या सीडीत थोडी कार्डं शिल्लक राहिली होती. ती उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. गिऱ्हाइकांचे फोटो मोबाइलवरून माझ्यात आणायला तिची वेगळी कसरत. तरी ती खूश असायची. एखादी गोष्ट जमली की माझ्या डब्यावर थाप मारायची.

चाचांचं जुनं सॉफ्टवेअर मात्र लिनक्सवर चालत नव्हतं. कळा जागच्या जागी होत्या, पण त्यांवरची अक्षरं हलली होती. आता ते चष्मा नाकावर ओढून एका बोटाने शोधत शोधत लिहीत.

"जमतं का, अब्बू?"

"हाव. होऊन जाईन सवय."

सवय व्हायच्या आधीच तुळशीराम काळे आले. त्यांची आई, सोजराबाई, वारली होती. तेरवीची कार्डं हवी होती. नाजिश त्या दिवशी छापखान्यात गेली होती, म्हणून चाचांनीच कार्ड लिहिलं, छापलं आणि हातात दिलं.

दोन दिवसांनी तुळशीराम परत आले. उरलेली कार्डं त्यांनी टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"चाचा, माय उभी हयात काळे म्हणून जगली. तुमी तिले काले करून टाकलं."

नव्या पद्धतीत ल आणि ळ एकाच कळेवर होते. ळ साठी दुसरी कळ सोबत दाबावी लागे. चाचांचं बोट तेवढंच चुकलं होतं. आणि ळ चुकेल असं त्यांच्या मनातही आलं नसल्याने तपासताना नजर तिथे थांबली नव्हती.

"माह्याच हातून झालं, तुळशीरामभाऊ. आत्ता नवीन करून देतो."

"अर्धी वाटून झाली ना."

नाजिशने कार्डं पुन्हा छापून दिली. पण त्या दिवसानंतर चाचा माझ्यासमोर बसले नाहीत. काउंटरवर बसून पाकिटं चिकटवत, कोपरे कापत. कुणी म्हटलं, "चाचा, तुमीच लिवा ना," तर म्हणत, "आता पोरगी करते." मला त्यांच्या बोटांची सवय होती. नाजिशची बोटं चपळ, पण ती वेगळी.

नाजिशलाही ते सहन होत नव्हतं. माझ्या पोटात कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटेल हे सांगणारी एक साधी फाइल असते, आणि लिनक्समध्ये ती कुणालाही बदलता येते, हे तिला कळलं. टाइपरायटरसारख्या तयार फाइलीही तिला मिळाल्या, पण चाचांच्या यंत्राशी एकही पुरती जुळेना. तिने माळ्यावरून टाइपरायटर उतरवलं. शाई वाळून गेली होती आणि कळांवरची अक्षरं झिजून पुसली होती.

"अब्बू, ळ कुठं हाय यात?"

चाचांनी बराच विचार केला. "मले सांगता नाही येत, बेटा. तू काही लिवाले सांग."

नाजिश म्हणाली, "सोजराबाई काळे."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग बोटं कळांवर ठेवली आणि डोळे मिटले. कागदावर काही उमटलं नाही, पण बोट सरळ आपल्या जागी गेलं. नाजिशने ते पाहिलं आणि माझ्यात नोंदवलं. मग ती एकेक शब्द सांगत राहिली, ते लिहीत राहिले.

माझ्यासाठी त्यात एक अवघड गोष्ट होती. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात आणि अक्षर नंतर. माझ्याकडे रीत उलटी. वेलांटी आली की ती धरून ठेवायची, अक्षर आलं की मग त्याला लावायची, हे नाजिशने मला फार खटपटीने शिकवलं. पहिल्यांदा 'किसन' नीट उमटलं तेव्हा चाचा हसले आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

मध्यंतरी तुळशीराम त्यांच्या मुलीच्या, पायलच्या लग्नाची पत्रिका करून घ्यायला आले. चाचांनीच ती लिहिली. प्रत्येक नावावर बोट ठेवून तुळशीरामांनी ती दोनदा वाचली. चाचांनी वाचू दिली. तिसऱ्यांदा तुळशीरामांनी वाचली नाही, म्हणाले, "छापा."

आता माझा पंखा घरघरतो. गरम झालो की मधूनच बंद पडतो. नाजिश नव्या कॉम्प्युटरचं बोलते. चाचा म्हणतात, "याले काऊन काढतं? चालते ना अजून." पण मला माझी तब्येत ठाऊक आहे.

माझी तक्रार नाही. ती कळांची फाइल नाजिश नव्या डब्यात टाकेलच. माझ्या जागी येणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे: बाबा, तू माझ्यापेक्षा वेगवान असशील, पण चाचा आता सावकाश लिहितात. ते वेलांटी आधी देतील आणि मग कधी कधी गिऱ्हाइकाशी बोलत बसतील. घाई करू नकोस. ती धरून ठेव. अक्षर येतं.