टेलरवहिनींची फेरी

"पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नाही," कंडक्टरभाऊ म्हणाले आणि तळ्याच्या कडेने चाललेली सगळी मंडळी हसली. टेलरवहिनीही हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा नर्सबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"हसायला लागली बघा," नर्सबाई म्हणाल्या. "आता साखर काय, सगळंच उतरेल."

विनोद रोजचाच होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाऊंची जीभ अजून बसमध्येच होती. गल्लीत निम्म्यांना साखर आणि उरलेल्यांना रक्तदाब आहे, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा भाऊंनीच दारोदार फिरून ही फिरायला जाणारी टोळी जमवली. एकाच जिन्याने चढउतार करूनही ज्यांची धड तोंडओळख नव्हती, ती माणसं आता एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करत होती.

घरी शिवणकाम करणाऱ्या टेलरवहिनींसाठी मात्र भाऊंना पुष्कळदा जिना चढावा लागला. "यांना टाकून कशी येऊ?" एवढंच त्या म्हणायच्या. यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळे त्यांना पेंटरच म्हणत. एका दुपारी ते शिडीवरून नीट खाली उतरले, ब्रश धुवायला वाकले आणि तिथेच आडवे झाले. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. तोंडात एकच शब्द राहिला, 'नको'. पाणी हवं असलं तरी नको, कूस बदलायची असली तरी नको. मुलीचा फोन कानाला लावला की तिलाही नको. वहिनी त्यांच्या सुरावरून अर्थ लावायच्या. कधी तो बरोबर निघायचा, पुष्कळदा चुकायचा.

शेवटी नर्सबाईंनी दटावलं. "तू आडवी झालीस तर त्यांना कोण बघणार?" तेव्हापासून पेंटरना चहा पाजून, दोन्ही बाजूंना उशा लावून, दाराला कुलूप घालून वहिनी बाहेर पडू लागल्या. परत आल्या की बाजाराची खबर सांगायच्या. कापडवाल्याची पाटी अजून झकास आहे म्हणायच्या. ती कधीच उतरवली आणि तिथे दिव्यांची चकचकीत पाटी आली, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

ठसका जेमतेम थांबला होता, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा घड्याळजी समोरून धावत आला. त्याला धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, वर काहीतरी पडलं. मोठा आवाज झाला."

त्या कशा घरी पोचल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांच्या हातातली किल्ली घेऊन घड्याळजीने कुलूप उघडलं. पेंटर खाट आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकून पडले होते. पायजमा ओला झाला होता. भाऊंनी आणि आणखी तिघांनी त्यांना उचललं, नर्सबाईंनी हातपाय चाचपले. "हाड शाबूत आहे," त्या म्हणाल्या. बाकीची मंडळी दारातच उभी राहिली. मदत करायची होती, पण बघायचं कुठे ते कुणालाच समजेना. पेंटरनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि "नको" म्हणून डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, फिरणं सोडू नकोस हं."

"आणि यांना कुणाच्या भरवशावर ठेवू?"

"मी बघते ना काहीतरी." मागे तिचं लेकरू रडत होतं. ती काय बघणार होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

तोडगा टोळीनेच काढला. रोज एकाने पेंटरपाशी बसायचं, म्हणजे वहिनींची फेरी चुकणार नाही. वहिनी हो-नाही करत तयार झाल्या. पहिल्या दिवशी भाऊ बसले.

"त्रास दिला का हो?"

"छे, कसला त्रास? पेपर वाचून दाखवला. ऐकत होते शांतपणे."

मग नर्सबाई बसल्या, घड्याळजी बसला. कुणी म्हणे झोपले होते, कुणी म्हणे खिडकीतून बघत होते. वहिनींचा जीव हळूहळू भांड्यात पडला. चालताना सारखं मागे वळून बघणं थांबलं. रात्री झोप लागू लागली. साखर उतरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि वहिनी नव्या नवरीसारख्या लाजल्या.

एका सकाळी वाटेतच पोटरीत गोळा आला, म्हणून त्या अर्ध्यातून परत फिरल्या. त्या दिवशी पुन्हा भाऊंची पाळी होती. जिना चढतानाच वहिनींना आवाज ऐकू आला. दार नुसतं लोटलेलं होतं.

पेंटर रडत होते. डावा हात खाटेवर आपटत "नको, नको" म्हणत होते. भाऊ समोर स्टुलावर बसले होते. पेपरची घडीही मोडलेली नव्हती.

"पेंटर, नको म्हणजे काय नको?" भाऊ विचारत होते. "मी नको, की वहिनी गेलेल्या नकोत? नुसती मान हलवा ना."

पेंटरनी मान हलवली. होकार की नकार, ते भाऊंना कळलं नाही आणि दारातून वहिनींनाही कळलं नाही.

त्यांना बघून भाऊ उठले. धोतराचा सोगा चुकून पायात आल्यासारखे जागच्या जागी अडखळले.

"आज पहिल्यांदाच का?" वहिनींनी विचारलं.

भाऊंनी घडीचा पेपर उचलून स्टुलावर ठेवला.

"म्हणजे रोज?"

"पहिल्या दिवसापासून," भाऊ हळूच म्हणाले. "तुम्ही बाहेर पडलात की सुरू होतं. तुमची परतायची वेळ झाली की थांबतात."

"सगळ्यांपाशी?"

"सगळ्यांपाशी. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही येणार नाही, म्हणून आम्ही आपसात ठरवलं होतं. चुकलंच आमचं."

वहिनींना राग येईना. कुणावर आणायचा? हे लोक आपलं फिरणं बुडवून दुसऱ्याचं रडणं ऐकत बसले होते. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"अहो, मी जाऊ नको का?"

"नको."

"मग जात जाऊ?"

"नको," पेंटर म्हणाले, आणि हा तो शब्द नाही हे त्यांचं त्यांनाही कळलं असावं. त्यांनी तोंड पुन्हा उघडलं, ओठ जुळवून पाहिले, मानेच्या शिरा ताणल्या. वहिनी आणि भाऊ दोघेही वाकून वाट बघत राहिले. शेवटी तोच शब्द बाहेर आला. पेंटरनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मला नाही कळत हो, वहिनी," भाऊ म्हणाले.

"मलासुद्धा नाही कळत, भाऊ. तुम्ही चहा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी नेहमीच्या वेळी इमारतीखाली आली. कुणी हाक मारली नाही. वहिनी खिडकीत उभ्या होत्या. नर्सबाईंनी मान वर करून पाहिलं, वहिनींनी हात हलवला. सगळे थोडे रेंगाळले, मग भाऊंच्या मागोमाग निघाले आणि कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. तिथपर्यंत भाऊंनी एकदाही "पुढे सरका" म्हटलं नाही.

वहिनींनी खिडकी उघडीच ठेवली. खाटेच्या पायथ्याशी बसून पेंटरचे दोन्ही पाय हातात घेतले आणि नर्सबाईंनी शिकवलं होतं तसं एक गुडघा दुमडला, सरळ केला, मग दुसरा. पाय आळीपाळीने पुढे जात होते, चादरीवर टाचा घासत होत्या.