मागावरची बोली

मुलगी तिसऱ्या वर्षात आली तरी बोलेना, तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आई तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सासूही सोबत निघाली. बाप घरी झोपला होता. रात्रपाळीचा माणूस, दिवसा झोपला नाही तर मागावर हात गमावून बसायचा.

"कान उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या. "घरात हिच्याशी बोलतं कोण?"

सासू घाईने म्हणाली, "आमच्या घरात आरडाओरडा नाही हो. भांडणसुद्धा नाही."

"भांडायला दोघं एका वेळी जागी लागतात, आई," सून म्हणाली.

खरं तेच होतं. घर एका खोलीचं. दिवसभर आजी नातीला एकच शब्द ऐकवायची, शू! संध्याकाळी बाप कामावर जायचा आणि आई परतायची, ती कानांत मागांचा खडखडाट घेऊनच. तेव्हा तिला वाटायचं, आता कुणी हूं की चूं करू नये.

एवढ्यात मुलीने डॉक्टरीणबाईंच्या बाहीकडे पाहिलं, हातांच्या दोन चिमटी जुळवल्या आणि झटक्यात वेगळ्या केल्या.

"हे काय?"

आई ओशाळली. "धागा तुटला म्हणतेय. कारखान्यात तोंडाचं ऐकू येत नाही, सगळं हातानेच सांगतो आम्ही. घरीही तीच सवय."

बाहीची शिवण खरंच उसवली होती.

"पोर हुशार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूच्या पुढ्यात जे येतं ते तो उचलतो. आता प्रत्येक खुणेसोबत तिला शब्द द्या. हेच वय आहे, पुढे जड जाईल."

"कधी देऊ?" आईने विचारलं. त्यात वाद नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

घरी आल्या तेव्हा बाप भिंतीकडे तोंड करून झोपलेला. आईचं अंग आंबून गेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी लगेच निघायचं होतं. मुलीने बापाच्या चादरीची दशी ओढली. ती हातात आली. पुन्हा त्याच दोन चिमटी.

आई खाली बसली. "धागा तुटला."

"अगं, शू! झोपलाय तो," सासू कुजबुजली.

"धागा तुटला!" ती मोठ्याने म्हणाली.

बाप दचकून उठला आणि डोळे न उघडताच त्याने तळहात उलटा करून विचारलं, काय झालं?

"हाताने नका. तोंडाने विचारा."

"काय... झालं?" त्याचा घसा बसला होता.

मुलगी जवळ गेली आणि तिने त्याच्या ओठांवर बोटं ठेवली.

"पुन्हा विचारा," आई चपला घालत म्हणाली.